कोण कुणाला भेटलं, ते वहीत लिहा

 

आज कर्जाचा विषय नाही, हप्त्याचाही नाही. आज आम्ही एका चित्राबद्दल बोलणार आहोत. तंबाखूच्या पुडीवरचं ते चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सडलेला गाल, फाटलेलं तोंड. बघवत नाही म्हणून आपण पुडी उलटी ठेवतो, तर मागच्या बाजूलाही तेच चित्र असतं.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत या चित्रावरून बोलणं निघालं. आमच्या एक काकू आहेत. लग्न झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री. तंबाखू आणायची, तव्यावर भाजायची, कुटून डबीत भरायची. आपल्याकडे अशी डबी किती घरांत आहे, ते सांगायला नको. काकूंच्या तोंडात एक जखम झाली, ती महिनाभर भरेना. आशाताईंनी आग्रह धरला म्हणून त्या खारघरच्या टाटा रुग्णालयात गेल्या. वेळेवर गेल्या, उपचार सुरू झाले. बैठकीत त्या म्हणाल्या, “मला अक्षर येत नाही. पुडीवर काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही. पण चित्र कळतं. हे चित्र पहिल्यापासून एवढं मोठं असतं, तर मी सोडलीच असती असं नाही म्हणत. पण माझ्या सुनेनं तरी डबीला हात लावला नसता.”

मग एका वहिनीनं विचारलं, “मग आधीच एवढं मोठं का नाही छापलं?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही फार लांब गेलो. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी या चित्राची गोष्ट ऐका. पूर्वी पुडीच्या फक्त पुढच्या बाजूला चित्र असायचं, त्या बाजूच्या ४० टक्के जागेत. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ऑक्टोबर २०१४ मध्ये नियम काढला की दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेत इशारा छापायचा. नियम लागू होण्याची तारीख ठरली १ एप्रिल २०१५. तारीख जवळ आली आणि नियम अडला. संसदेत खासदारांची एक समिती असते. मंत्रालयांनी केलेले नियम तपासणं हे तिचं काम. त्या समितीनं सांगितलं की आमचा अभ्यास पुरा होईपर्यंत हा नियम लागू करू नका. समितीचे अध्यक्ष आपल्याच राज्यातले होते, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूनं कॅन्सर होतो असं सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतातला अभ्यास नाही, असं ते तेव्हा म्हणाले. समितीत आणखी एक खासदार होते, अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता. त्यांचा स्वतःचा विड्यांचा मोठा धंदा होता. विडीवर किती मोठा इशारा छापायचा हे तपासणाऱ्या समितीत विडीचे कारखानदार बसले होते.

त्याच वेळी मुंबईत टाटा रुग्णालयात मध्य प्रदेशातली एक तरुण बाई उपचार घेत होती. सुनीता तोमर तिचं नाव. वय २८ वर्षं. तंबाखू खाऊन तिला तोंडाचा कॅन्सर झाला होता. तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीत तिनं स्वतःचा चेहरा दाखवला होता, तुमच्यातल्या काहींना तो आठवत असेल. नियम पुढे ढकलला जातोय हे कळल्यावर तिनं पंतप्रधानांना पत्र लिहिलं. १ एप्रिल २०१५ ला, ज्या दिवशी तो मोठा इशारा पुड्यांवर यायचा होता, त्याच दिवशी ती गेली.

नंतर पुष्कळ आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रांत आलं, कोर्टात प्रकरण गेलं. मार्च २०१६ मध्ये त्या समितीनं अहवाल दिला, त्यात ८५ ऐवजी ५० टक्के पुरे असं सुचवलं. सरकारनं ते मानलं नाही. १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा इशारा लागू झाला. म्हणजे एक वर्ष उशीर झाला. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात शंभरातली सुमारे २६ ते २७ मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. बायकांमध्ये शंभरातल्या १७. एवढ्या घरांसाठी एक वर्ष हा लहान काळ नाही.

आता महत्त्वाचं ऐका. त्या वर्षात तंबाखूवाल्यांचं कोण कुणाला भेटलं? कुणी कुणाला काय सांगितलं? ते आम्हाला सांगता येणार नाही. कुणावर लाच घेतल्याचा आरोपही आम्ही करत नाही, कारण तसा पुरावा आमच्याकडे नाही. कदाचित त्या खासदारांना मनापासूनच तसं वाटत असेल. पण अशा भेटींची नोंद ठेवायचा कायदाच आपल्या देशात नाही. त्यामुळे चुकीचं काही झालं असेल तर ते पकडता येत नाही, आणि झालं नसेल तर त्या माणसावरचा संशयही जात नाही.

याला इंग्रजीत लॉबिंग म्हणतात. शब्द नवीन असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपण म्हणतो ना, अमक्याच्या कानाशी लागला, तमक्यानं शब्द टाकला, वजन वापरलं. कायदा किंवा नियम होत असताना आपल्याला हवा तसा तो व्हावा म्हणून मंत्री, आमदार, खासदार, अधिकारी यांच्यामागे लागणं, म्हणजे लॉबिंग. मोठ्या कंपन्या यासाठी पगारी माणसं ठेवतात. त्यांचं कामच दिल्लीत आणि मंत्रालयात भेटीगाठी घेणं.

बैठकीत आम्ही विचारलं, यावर कडक नियम असावेत का? मैत्रिणींनो, प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्यांदा कुणाला उत्साह वाटला नाही. चार तऱ्हेची मतं आली. तुमच्या गटातही हीच येतील.

पहिलं मत, “मोठ्यांचं असंच चालायचं, आपला काय संबंध?” याला काकूंच्या जखमेनंच उत्तर दिलं. नियम दिल्लीत अडला तरी पुडी आपल्या घरात येते.

दुसरं मत एका ताईंचं, आणि ते आम्हाला विचार करायला लावणारं होतं. त्या म्हणाल्या, “असे नियम केले तर आपलीच पंचाईत होईल. आपण तरी काय करतो? पाण्यासाठी आमदारांकडे निवेदन घेऊन जातो. उद्या म्हणतील, हे पण लॉबिंग, आधी नोंदणी करा, फी भरा.” ही भीती खोटी नाही. सरकारपुढे आपलं म्हणणं मांडणं हा आपला हक्क आहे, तो गेला तर काहीच उरणार नाही. आपला हा भाग तर दबाव आणूनच उभा राहिला आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरणला दि. बा. पाटील साहेबांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तोही सरकारवरचा दबावच होता. दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायका आडव्या बाटलीसाठी मतदान करतात, तोही दबावच. पण त्यात लपवण्यासारखं काय होतं? मागणी काय, मागणारे कोण, सगळ्या गावाला माहीत. आपल्या निवेदनावर तर खाली सह्या आणि अंगठे असतात, आणि त्याची पोच आपण मागून घेतो. तेव्हा नियम हवा तो बोलणं बंद करणारा नको, उघड करायला लावणारा हवा. आणि गावच्या निवेदनाला आणि पगारी माणसं ठेवणाऱ्या कंपनीला एकच मोजमाप लावू नये, हे ताईंचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं.

याच बोलण्यात एकीनं विडीवाल्या बायांची बाजू मांडली. तिचं माहेर सोलापूरचं, आई विड्या वळायची. ती म्हणाली, “हजार विड्या वळल्या की मजुरी. तेवढ्यावर आम्ही शिकलो. धंदा बसला तर त्या बायांनी काय खायचं?” त्या वेळी समितीच्या अध्यक्षांनीही विडी कामगार आणि तेंदूपानं गोळा करणाऱ्यांच्या रोजगाराचा मुद्दा मांडला होता. मुद्दा खरा आहे. पण मग त्या बायांनाच समोर बोलवा, त्यांना विचारा, त्यांना दुसरं काम काय देणार ते ठरवा. त्यांच्या नावानं कारखानदारानं बोलायचं आणि त्यांची मजुरी मात्र आहे तिथेच राहायची, हे बरोबर नाही. कोण कुणाच्या वतीनं बोलतंय हे लिहिलं गेलं, तर हा फरक कळेल.

तिसरं मत, “नियम कागदावरच राहतील.” बरोबर आहे, गुटख्याची बंदी आपल्या राज्यात २०१२ पासून आहे आणि गुटखा कुठे मिळतो ते लहान पोराला ठाऊक असतं. पण कागदावर असलेला नियम दाखवून जाब तरी विचारता येतो. नियमच नसेल तर कशाच्या जोरावर विचारणार?

चौथं मत एका आजींचं. त्या म्हणाल्या, “भेटा की. पण दार उघडं ठेवून भेटा.” आमच्या मते हेच खरं मत, आणि बैठक संपता संपता बऱ्याच जणी याच मतावर आल्या.

आता बाहेर काय चालतं ते थोडक्यात. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानं अशा पगारी माणसांना नाव नोंदवावं लागतं आणि कुठल्या विषयावर किती पैसे खर्च केले ते दर तीन महिन्यांनी जाहीर करावं लागतं. आयर्लंड हा छोटासा देश. तिथे २०१५ मध्ये कायदा झाला, आणि कोण कुणाला कशाबद्दल भेटलं याची नोंद कुणालाही बघता येते. याचा उपयोग आपल्यालाही एकदा झाला. २०१२ मध्ये वॉलमार्ट या मोठ्या दुकानवाल्या कंपनीच्या अमेरिकेतल्या विवरणात, भारताच्या बाजारात शिरकाव हाही एक विषय आहे, असं दिसलं. आपल्या संसदेत गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या बाजाराची गोष्ट आपल्याला कळली, ती त्यांच्या वहीतून. आपली वहीच नव्हती. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, ओडिशाचे खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती जाहीर करायला लावणारं खासगी विधेयक आणलं. त्याचा कायदा काही झाला नाही.

आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. तंबाखूविरोधी जागतिक करारावर भारतानं २००४ मध्येच शिक्कामोर्तब केलं आहे. त्यात कलम आहे की आरोग्याचे नियम तंबाखू धंद्याच्या हितसंबंधांपासून जपायचे. त्याला धरून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता केली. तंबाखू कंपन्यांना गरजेपुरतंच भेटायचं, भेटलं तर ते उघडपणे आणि नोंद ठेवून, त्यांच्याकडून भेटवस्तू घ्यायच्या नाहीत. म्हणजे मनात आणलं तर असा नियम करता येतो. मग तो एका मंत्रालयापुरता आणि एका धंद्यापुरताच का?

आणि निवडणूक रोख्यांचा निकाल आठवा. कंपन्यांनी पक्षांना गुपचूप पैसे देण्याची ती सोय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतं हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं न्यायालयानं सांगितलं. मतदार म्हणजे कोण? तुम्ही आणि आम्ही. पैशाची माहिती मिळण्याचा हक्क असेल, तर भेटीगाठींची का नको?

अजूनही कुणाला वाटत असेल की हे सगळं लांबचं आहे, तर आता थेट बचत गटांची गोष्ट ऐका. अंगणवाडीतल्या पोषण आहाराचं काम ठेकेदारांना देऊ नका, गावच्या महिला मंडळांना आणि बचत गटांना द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ ला दिला होता. काम आपलं होतं. तरी आपल्या राज्यात २०१६ मध्ये घरपोच आहाराची निविदा निघाली तेव्हा तिच्यातल्या अटी अशा होत्या की गावातला साधा गट त्यात बसायचाच नाही. वैष्णोराणी महिला बचत गट न्यायालयात गेला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा रद्द करून नव्यानं काढायला सांगितली. एका बचत गटानं सरकारशी भांडून हे मिळवलं, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण तीन वर्षं गेली, आणि त्या अटी कुणाच्या सांगण्यावरून आल्या हे आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई कितीही हुशार असली, तरी अट लिहिली जाते त्या खोलीत ती नसते. निदान त्या खोलीत कोण होतं ते तरी तिला कळायला हवं.

मैत्रिणींनो, आपल्या गटात आपण काय करतो बघा. बैठक ठरल्या दिवशी, सगळ्यांसमोर. कर्ज कुणाला, किती, कशासाठी, ते इतिवृत्ताच्या वहीत. खाली सगळ्यांच्या सह्या. आमच्या गटात एकदा चूक झाली होती. पदाधिकारी बाईंच्या नात्यातल्या एकीचं कर्ज बैठकीआधीच, घरी बसून ठरलं. रक्कम मोठी नव्हती आणि हप्तेही वेळेवर फिटले. पण दोन जणी गट सोडायला निघाल्या. त्या म्हणाल्या, “पैशाचं काही नाही, पण आम्हाला न विचारता का ठरलं?” तेव्हापासून आम्ही नियम केला. ज्या बाईच्या घरच्या माणसाचं कर्ज असेल, तिनं त्या विषयापुरतं बाजूला बसायचं. आणि बैठकीआधी कुणी कुणाकडे शब्द टाकला असेल, तर तो बैठकीत सांगायचा. सुरुवातीला अवघड वाटलं. आता सवय झाली, आणि संशय गेला. आमच्या पदाधिकारी बाईंनाही बरं वाटतं, कारण आता त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

वीस-पंचवीस हजारांच्या कर्जाला जो नियम लागतो, तो कोट्यवधींच्या निविदेला आणि लाखो घरांत जाणाऱ्या पुडीला लागू नये, हे आम्हाला पटत नाही.

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही, चार कामं आहेत.

एक. सरकार नवा नियम किंवा आराखडा करतं तेव्हा पुष्कळदा हरकती आणि सूचना मागवतं. तारीख संपल्यावर आपल्याला कळतं. आपल्यातल्या शिकलेल्या मुलींना हे काम द्या, दर महिन्याला बैठकीत अशा सूचना वाचून दाखवायच्या. आपली हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.

दोन. माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एखाद्या निविदेच्या अटी कुठल्या बैठकीत ठरल्या, त्या बैठकीला कोण हजर होतं, इतिवृत्ताची प्रत द्या, असं नेमकं विचारा.

तीन. मतं मागायला येतील त्यांना विचारा, “तुमचे स्वतःचे कुठले धंदे आहेत? त्या धंद्याचा विषय निघाला तर तुम्ही बाजूला बसाल का?” आणि हेही विचारा, “तुम्हाला कोण कोण भेटतं, याची वही लोकांना दाखवाल का?” कुठल्याही पक्षाचा असो, प्रश्न सगळ्यांना सारखाच.

चार. सुरुवात आपल्यापासून. ग्रामसंघात, प्रभागसंघात, ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्या आपल्याच बायका आहेत. ठेकेदार घरी येऊन बसला, तर दुसऱ्या दिवशी सांगून टाका की अमका आला होता, असं असं म्हणाला. सांगितलेल्या भेटीचं पुढे ओझं राहत नाही.

शेवटी काकूंबद्दल विचाराल. त्यांचे उपचार चालू आहेत, बोलताना अजून त्रास होतो. मिश्रीची डबी त्यांनी स्वतः चुलीत टाकली. त्यांच्या सुनेनं आमच्यासमोर पुडीवरचा नंबर वाचून दाखवला. तंबाखू सोडायला मदत करणारा हा सरकारी, मोफत नंबर २०१८ पासून पुडीवरच छापलेला असतो. लिहून घ्या, १८००-११-२३५६. तुमच्या घरात डबी असेल, पुडी असेल, तर लाजू नका, फोन करा.

आणि पुढच्या बैठकीत ती पुडी मधोमध ठेवा, चित्राची ही गोष्ट सांगा, आणि विचारा, भेटीगाठींची वही असावी की नसावी? जे मत येईल ते इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या आणि आपल्या आमदार-खासदारांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

नमस्कार.